एका घरात तीन मतं : ऑटिझम असलेला मुलगा आणि त्याचा गेम

प्रश्न थोडक्यात असा. मुलगा पंधरा वर्षांचा, नववीत. ऑटिझमचं (स्वमग्नतेचं) निदान पाचव्या वर्षीच झालेलं. घर इंदिरानगरला. शाळेतून आला की माइनक्राफ्ट (ठोकळे रचून जग उभारायचा गेम), जेवणानंतर बीजीएमआय (टीम करून खेळायचा बंदुकांचा मोबाइल गेम), मिळून रोजचे चार-पाच तास. सातपूरला कंपनीत असलेले बाबा म्हणतात, हे व्यसन आहे, फोन काढून घ्या. आजी म्हणते, खेळू दे, तेवढाच शांत असतो. आई विचारतेय की अशा मुलांच्या इतर आईवडिलांना काय वाटतं, आणि आम्ही कुणाचं ऐकायचं?

ताई, मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे मुलांना रोजचे व्यवहार जमावेत यासाठी थेरपी देणारी. नाशिकमध्येच एकोणीस वर्षं ऑटिझम असलेल्या मुलांबरोबर काम करतेय. त्यातल्या निम्म्यांना आता मिसरूड फुटलंय. तुमचा प्रश्न माझ्याकडे आठवड्यातून दोनदा तरी येतो, आणि बहुतेक वेळा आईबाबा जिन्यातच भांडायला लागलेले असतात.

माझ्या मते तुमच्या घरात तिघांचंही खरं आहे, कारण तिघं त्याच मुलाला दिवसाच्या तीन वेगळ्या वेळी बघताय. आजी बघते दुपारी. व्हॅनमधला गोंगाट, मधल्या सुट्टीतली रेटारेटी, सगळं अंगावर घेऊन आलेला नातू दप्तर दारात टाकतो, गेम लावतो आणि अर्ध्या तासात माणसात येतो. बाबा घरी येतात ते रात्री, म्हणजे बरोबर गेम बंद करायच्या वेळेला. त्यांच्या वाट्याला रोज फक्त आदळआपट येते. आणि मला खात्री आहे की पांघरुणाखालचा साडेबाराचा उजेड एकट्या तुम्हीच बघत असाल. मग मतं तीन होणारच.

इतर पालकांचं म्हणाल, तर त्यांच्यात गेमच्या बाजूचे आणि विरोधातले असे दोन गट मला कधी दिसले नाहीत. दोन्ही वाक्यं एकाच आईच्या तोंडून ऐकू येतात. पंचवटीतली एक आई डोळ्याला पदर लावून म्हणाली, "मॅडम, या गेमनं माझा मुलगा नेला." पाच मिनिटांनी तीच सांगत होती, "पण त्याला मित्र झालेत हो. एक भोपाळचा, एक सोलापूरचा." ज्याच्या वाढदिवसाला बिल्डिंगमधलं एकही पोर कधी आलं नाही, त्याला रात्री नऊला कुणीतरी "आजा भाई, तेरी ही राह देख रहे थे" म्हणतं. हे तिनं कानानं ऐकलंय. ती फोन कसा काढून घेणार? (हाच मुलगा घरी मराठीत चार शब्दांच्या वर बोलत नाही आणि गेममध्ये फाडफाड हिंदी बोलतो. आजोबांना त्याचा राग येतो. मी त्यांना म्हटलं, आधी बोलू तर द्या, भाषेचं नंतर बघू.)

अमेरिकेत २०१५ साली ऑटिझम असलेल्या ८ ते १२ वर्षांच्या मुलांच्या पालकांना विचारून एक अभ्यास झाला होता. तिथेही पालकांचा कल एकूण खेळू द्यायचाच निघाला, आणि तोटे मात्र त्यांना पक्के माहीत होते. त्याआधी २०१३ मध्ये 'पीडियाट्रिक्स' या नियतकालिकात ८ ते १८ वयाच्या मुलग्यांचा एक अभ्यास आला. ऑटिझम असलेले मुलगे दिवसाला सरासरी २.१ तास गेम खेळत होते, इतर मुलगे १.२ तास. हा आकडा सगळे सांगतात. माझ्या कामाचं त्यातलं दुसरंच काही आहे. ज्यांचं खेळणं हाताबाहेर गेलं होतं, त्यांच्यात लक्ष टिकण्याच्या अडचणीही जास्त होत्या. म्हणून तुमच्या मुलाची एडीएचडीसाठी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) कधी तपासणी झाली नसेल तर ती करून घ्या. ऑटिझमचं लेबल एकदा लागलं की त्याच्या शेजारी आणखी काही असू शकतं, हे बघायचंच राहून जातं. पुष्कळ मुलांना दोन्ही असतं.

आता व्यसनाबद्दल. बाबांना हा शब्द मिळाला तो हवेतून नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात 'गेमिंग डिसऑर्डर' आहे आणि ते वर्गीकरण जानेवारी २०२२ पासून लागू झालं. पण तिथे तास मोजलेले नाहीत. खेळण्यावर ताबा उरलेला नाही, बाकी सगळ्या गोष्टी मागे पडल्या, नुकसान दिसत असूनही खेळणं चालूच किंवा वाढतंच, आणि यातून शिक्षण, घर, नाती यांची खरोखर वाताहत, असं साधारण १२ महिने चाललं तर डॉक्टर त्या निदानाचा विचार करतात. तुमचा मुलगा शाळेत जातो, जेवायला येतो, रविवारी तुमच्याबरोबर मिसळ खायला येतो असं तुम्हीच लिहिलंय. मी इथून निदान करणार नाही, पण मला ते चित्र व्यसनाचं वाटत नाही. शिवाय आपल्या मुलांची एखाद्या विषयात बुडून जायची रीत आधीपासूनची. हाच मुलगा सहा वर्षांचा असताना एसटीचे बोर्ड नाहीतर पंख्याची पाती तासन्‌तास बघत असणार. तेव्हा आपण त्याला व्यसन म्हटलं नव्हतं, कारण पंख्याचा डेटा पॅक संपत नाही.

तासांबद्दल आणखी एक. एका सेंटरमध्ये तुम्हाला 'झीरो स्क्रीन' सांगितलं म्हणता. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये स्क्रीनच्या वेळेची जी मर्यादा सांगितली ती पाच वर्षांखालच्या मुलांसाठी होती. पंधरा वर्षांच्या मुलाला ती लावणं म्हणजे त्याला झबलं घालण्यासारखं आहे.

हे मी मोठ्या तोंडानं बोलतेय, पण सुरुवातीच्या काळात मीही एका कुटुंबाला हेच सांगितलंय. चौदा वर्षांचा मुलगा, घरी जुना कॉम्प्युटर, त्यावर राजे-किल्ले-सैन्य असा एक गेम. मी म्हटलं, कॉम्प्युटर उचला आणि मामाकडे ठेवा. आठ दिवसांत भाषा सुधारेल. आठ दिवसांत त्यानं स्वतःच्या मनगटाला चावून जखम केली आणि बोलणं होतं तेही थांबलं. तो जे बोलायचा ते सगळं त्या गेमबद्दलच होतं, हे मी नीट ऐकलंच नव्हतं. कॉम्प्युटर परत आला, बोलणं परत यायला पावसाळा गेला. त्या आईनं मला एका शब्दानं बोल लावला नाही, पण पुन्हा सेंटरला आली नाही.

तेव्हापासून मी तास नंतर विचारते. आधी दोन गोष्टी विचारते: तो गेमकडे येतो कसा, आणि गेममधून उठतो कसा.

येतो कसा, म्हणजे दमून येतो, घाबरून येतो, कंटाळून येतो, की मित्राशी वेळ ठरलीय म्हणून येतो? शाळेतून आल्यावरचा खेळ हा बहुधा विसावा असतो. गेममध्ये नियम ठरलेले, आवाज आपल्या हातात, हरलो तर पुन्हा सुरू, समोरच्याच्या चेहऱ्यावरून त्याच्या मनातलं ओळखायची परीक्षा नाही. शाळेत दिवसभर यातलं एकही मिळालेलं नसतं. हा वेळ आजीच्या म्हणण्याप्रमाणे राहू द्या. त्यात "आधी होमवर्क" आणू नका.

उठतो कसा, इथे सगळं रामायण आहे. २००५ मध्ये डायना मरे, वेन लॉसन आणि माइक लेसर यांनी ऑटिझममधल्या लक्षाबद्दल एक विचार मांडला. त्याला मोनोट्रॉपिझम म्हणतात. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर बहुतेकांचं लक्ष अंगणात सांडलेल्या पाण्यासारखं चहूकडे पसरतं, या मुलांचं पाटाच्या पाण्यासारखं एकाच चरातून जोरात धावतं. एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात पाणी वळवायचं तर बांधावर उभं राहून दारं धरावं लागतं. ओट्यापाशी उभं राहून "बंद कर म्हटलं ना!" ओरडून ते वळत नाही.

दारं धरायचं म्हणजे काय? आधी त्याच्या गेमचं घड्याळ शिकून घ्या. माइनक्राफ्टमधला एक दिवस आपल्या २० मिनिटांचा असतो. संध्याकाळ झाली की खेळाडू पलंगावर झोपतो आणि सकाळ उजाडते. हे मला नाशिकरोडच्या एका मुलानं समजावलं, तेही जरा वैतागून. मी त्याला "अजून पंधरा मिनिटं" म्हणत होते आणि पंधराव्या मिनिटाला त्याच्या जगात ऐन अंधार पडून भुतं बाहेर आलेली असायची. अशा वेळी कोण उठेल? आता त्याच्या घरचा नियम आहे: दोन दिवस खेळायचे, दुसऱ्या संध्याकाळी झोपायचं, मग बंद. भांडण जवळजवळ संपलं. बीजीएमआयचं गणित वेगळं. तिथे शेवटपर्यंत टिकलं तर एक मॅच साधारण अर्ध्या तासाची होते आणि मधेच सोडली तर टीममधली पोरं शिव्या घालतात. तिथे मिनिटं सांगूच नका, मॅच सांगा: "ही धरून दोन." दुसरी संपताना जवळ जाऊन उभे राहा, खांद्याला हात लावायची सवय असेल तर लावा आणि पुढचं काय आहे ते सांगा. 'आता बंद' यापुढे रिकामी पोकळी असेल तर तो त्यात उडी घेणार नाही. 'आता बंद, मग दूध-पोहे, मग गच्चीत' असं काहीतरी हवं.

दुसरं म्हणजे त्याच्या आतलं पाणी, म्हणजे राग आणि ताण, किती चढलंय हे त्याला सांगता आलं पाहिजे. पुस्तकांत यासाठी एक ते पाच आकड्यांच्या पट्ट्या असतात. माझ्याकडे त्या चालल्या नाहीत. मुलं म्हणायची, "तीन म्हणजे किती?" मग एका पावसाळ्यात मला सुचलं. आपल्या गोदाघाटावर पुराचं माप काय? दुतोंड्या मारुती, गोदावरीच्या पात्रातली ती उंच मूर्ती. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की अख्खं नाशिक एकमेकांना विचारतं, मारुतीच्या कुठवर आलं? मी एका पुठ्ठ्यावर मारुतीचं चित्र काढलं आणि त्याला निळ्या कागदाची सरकती पट्टी लावली. पायाशी, गुडघ्याला, कमरेला, छातीला, गळ्याशी. मॅच हरल्यावर मुलगा ती पट्टी सरकवतो. कमरेपर्यंत असेल तर पाणी पितो आणि पुन्हा खेळतो. छातीला आलं की आपण बोलणं बंद करायचं, दिवा मंद करायचा, पाच मिनिटं कुणीही उपदेश करायचा नाही. गळ्याशी आलं तर तो मेल्टडाउन आहे, म्हणजे सगळं असह्य होऊन स्वतःवरचा ताबा सुटणं. तो हट्ट नव्हे, आणि त्या वेळी फोन हिसकावणं म्हणजे भरल्या धरणाचे उरलेसुरले दरवाजे उघडणं. सातवीतल्या एका पोरानं मला परवा दुरुस्त केलं: "मॅडम, आधी विसर्ग वाढवणार असं जाहीर करतात. घरी कोणी जाहीर करत नाही." हे वाक्य मी त्याच्या आईला जसंच्या तसं पाठवलं.

कधीकधी भांडणाचं मूळ इतकं साधं असतं की हसू येतं. निफाडकडचं एक कुटुंब, द्राक्षबाग. मुलगा बाबांच्या फोनवर खेळायचा. जानेवारी ते मार्च हंगाम, त्या काळात मुलगा रोज फोन आपटायचा आणि घरचे म्हणायचे, गेममुळे हिंसक झाला. मी विचारलं, नेमकं कधी आपटतो? तर व्यापाऱ्याचा कॉल आला की! मॅच चालू असताना कॉल यायचा, बाबा फोन ओढून घ्यायचे, टीम मरायची. एक जुना, सिम नसलेला टॅब घेतला आणि 'हिंसा' त्या हंगामापुरती तरी थांबली.

मुलींबद्दल कुणी विचारत नाही म्हणून इथेच टाकते. मुलगी गेम खेळत असेल तर घरात तिला निम्माही वेळ मिळत नाही. तिनं कामं शिकावीत ही अपेक्षा आधी उभी राहते. तिलाही तो विसावा तितकाच लागतो.

बाबांची बाजू कुठे भक्कम आहे तेही सांगते, नाहीतर तुम्ही हे उत्तर त्यांना दाखवाल आणि मी विनाकारण आजीच्या पक्षात जाईन. रात्रीबद्दल त्यांचं शंभर टक्के बरोबर. ऑटिझममध्ये झोपेच्या तक्रारी मुळातच जास्त, त्यात रात्रीची मॅच म्हणजे विस्तवावर तेल. फोन रात्री खोलीत नको. फक्त त्याचाच नको म्हटलंत तर तो नियम पाळणार नाही, कारण या मुलांना अन्याय लगेच दिसतो. साडेनऊला घरातले सगळे फोन हॉलमधल्या एका डब्यात, बाबांचासुद्धा. झोपेची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका, केमिस्ट देत असला तरी.

शरीराचंही बघा. भूक, तहान, लघवी यांचे आतून येणारे इशारे अनेक ऑटिस्टिक मुलांना उशिरा किंवा अस्पष्ट कळतात. गेममध्ये तर कळतच नाहीत. दोन मॅचच्या मध्ये बाथरूम आणि पाणी, हा नियम घाला. ताट मात्र गेमसमोर नेऊन देऊ नका. एकदा नेलंत की ते ताट तिथेच राहतं. आणि मुलाला पूर्वी कधी फिट आली असेल, किंवा खेळताना क्षणभर शून्यात बघणं, हात झटकणं असं दिसलं, तर आधी न्यूरोलॉजिस्ट. ऑटिझममध्ये फिट्सचं प्रमाण जास्त आहे, त्या किशोरवयात पहिल्यांदा येऊ शकतात, आणि काहींना लुकलुकणाऱ्या प्रकाशानं येतात.

पैसा आणि अनोळखी माणसं, ही मला खरी भीती. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आणली. त्यामुळे काही पालकांना वाटतं आता सगळंच बंद झालं किंवा सगळंच सुरक्षित झालं. माइनक्राफ्ट, बीजीएमआय त्यात येत नाहीत, आणि गेममधली खरेदी चालूच आहे. तुमचं यूपीआय आणि कार्ड त्याच्या फोनशी जोडलेलं ठेवू नका. आपली मुलं शब्दाचा अर्थ शब्दाइतकाच घेतात. "भाई, ओटीपी बता, स्किन भेजता हूँ" म्हणणारा (स्किन म्हणजे गेममधला नवा पोशाख) त्यांना भाईच वाटतो. माझ्याकडच्या एका मुलानं असे साडेसहा हजार घालवले आणि वर मला म्हणाला, "त्यानं प्रॉमिस केलं होतं." त्याला 'सावध राहा' सांगून काही कळत नाही. तीन ओळी लिहून फोनच्या कव्हरमध्ये घाला: ओटीपी नाही, फोटो नाही, पत्ता नाही. फसवणूक झालीच तर त्याच दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. मुलाला आधी ओरडू नका, नाहीतर पुढच्या वेळी सांगणार नाही.

गेममधलं त्याचं वय एकदा तपासा. बीजीएमआयमध्ये १८ खालच्यांना दिवसाला ३ तासांची मर्यादा आहे, म्हणून बहुतेक पोरं वय वाढवून लिहितात. माझा एक विद्यार्थी मात्र खोटं लिहायला तयार नाही. तीन तास झाले की गेम त्याला बाहेर काढतो आणि तो निमूट उठतो, कारण नियम गेमनं घातलाय. आईनं घातलेला असता तर दोन तास वाद झाला असता.

"पुढे गेमिंगमध्ये करिअर होईल का?" हेही तुम्ही विचारलंय. गेम खेळता येणं आणि गेम बनवता येणं यात स्वयंपाकी आणि जेवणारा यांच्याइतकं अंतर आहे. माइनक्राफ्टमध्ये तो स्वतःच्या डोक्यानं काही उभारत असेल तर त्याला कोडिंगचा किंवा थ्रीडी डिझाइनचा एखादा छोटा कोर्स दाखवा. आवडला तर आवडला.

आता तुमच्यापुरतं. पहिले दहा दिवस काहीही बदलू नका. एक वही घ्या. रोज चार गोष्टी: किती वाजता बसला, त्याआधी काय झालं होतं, उठताना पट्टी मारुतीच्या कुठवर होती, रात्री किती वाजता झोपला. दुपारचं आजीनं सांगायचं, रात्रीचं बाबांनी लिहायचं. मुलाला वही दाखवा. चोरून लिहू नका, त्याला सापडेलच.

आणि बाबांना एक काम. आठवड्यातून एकदा, लवकर घरी आलेल्या दिवशी, पंधरा मिनिटं त्याच्या शेजारी बसून खेळायचं. शिकवायचं नाही, शिकायचं. नाशिकरोडच्या एका बाबांना हे सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. पुढच्या भेटीत म्हणाले, "मॅडम, मला बंदूक धरता येईना. पोरगं म्हणालं, बाबा, तुम्ही नुसते गवतात झोपून राहा, हलू नका, मी येतो. अकरा मिनिटं पडून होतो." मुलगा शेजारी बसला होता. मान वर न करता म्हणाला, "बारा."

वही भरली की तिघंही या, आजींनाही आणा. मुलाला म्हणावं फोन घेऊन ये, आणि चार्जिंग करून.